पायऱ्यांवरची अकरा मिनिटं

वायरमनच्या जिभेनं आजवर पुष्कळ माणसं दुखावली होती. पण जे काय बोलायचं ते तो तोंडावर बोलायचा. समोरचाही तिथल्या तिथं त्याला दोन शब्द सुनावून मोकळा व्हायचा आणि विषय संपायचा. पाठीमागं बोलताना तो सापडला तो एकदाच. ज्या बाईच्या पाठीमागं तो बोलला, तिची पाठ दोन वर्षं अंथरुणाला टेकलेली होती.

पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचा त्याचा धंदा. दुकान कसलं, दहा बाय आठची खोली. भिंतीला खिळ्यांवर तांब्याच्या तारेची वेटोळी, खाली पाण्याच्या पंपांचे उघडे सांगाडे, आणि दारातच नाकात शिरणारा वार्निशचा वास. स्टुलावर बसून तो हातानं दांडा फिरवायचा आणि ओठातल्या ओठात वेढे मोजायचा. शंभर, एकशे एक, एकशे दोन. मध्येच कुणी आलं की डावा हात वर. त्या हातापुढं गिऱ्हाईक, बायको, जावई, सगळे गप्प उभे राहायचे. मोजणी चुकली की गुंडाळी गेली, पुन्हा पहिल्यापासून.

रविवारी हाच माणूस चर्चमध्ये शेवटच्या बाकामागं टेबल टाकून आवाजाचं मशीन घेऊन बसायचा. वीस वर्षं झाली त्याला. सगळी मंडळी वेदीकडं तोंड करून बसायची, हा बटणांकडं. बायको म्हणायची, "तुम्ही देवाचं वचन ऐकता का नुसता आवाज ऐकता?" तो म्हणायचा, "आवाज नीट आला तरच वचन कळतंय ना."

पेटीमावशी ही त्याची सख्खी मावशी नव्हे. ती सगळ्यांचीच मावशी. चाळीस वर्षं तिनं चर्चची पायपेटी वाजवली. अंगानं काडी, पण पेटीवर बसली की दोन्ही पाय असे चालायचे की भाते नुसते घुमायचे. गाताना कुणी मागं रेंगाळलं, कुणी पुढं धावलं की मान वळवून बघायची. त्या बघण्यानं माणूस ताळ्यावर यायचा. मग एके दिवशी न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. चर्चला चौदा पायऱ्या. पहिले दोन रविवार चार जणांनी तिला खुर्चीसकट उचलून वर नेलं. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, "पेटी उचलतात तसं मला उचलू नका. पेटीला लाज नसते." आणि घरीच राहिली.

तेव्हा फोनची युक्ती काढली ती वायरमननंच. उपासनेआधी दहा मिनिटं मावशीला फोन लावायचा, आपला फोन स्पीकरपुढं स्टुलावर ठेवायचा, आणि मावशीनं तिकडं पलंगाशेजारी फोन मोठ्या आवाजात लावून ऐकायचं. पाळकसाहेबांना कल्पना इतकी आवडली की तिची रीतच पडली. पहिल्या गीताआधी ते मागं बघून विचारायचे, "मावशी आल्या?" वायरमन अंगठा वर करायचा. मग सगळी मंडळी हसायची आणि उपासना सुरू व्हायची. उपासनेच्या शेवटचा आशीर्वाद झाला की तो फोनमध्ये "ठेवतो मावशी" म्हणायचा आणि बंद करायचा.

सुरुवातीला त्यालाही त्याचं कौतुक वाटलं. पण दोन वर्षं म्हणजे शंभरावर रविवार. त्यात मावशीचा शनिवारी संध्याकाळी सातच्या ठोक्याला फोन यायचा, "उद्या विसरू नको रे." तो नेमका गुंडाळीच्या मध्यावर असायचा. फोन वाजून वाजून थकायचा, आणि गुंडाळी संपल्यावर हा उलटा फोन करून म्हणायचा, "मावशी, मी कधी विसरलोय का?" सोमवारी परत फोन. पेटीवरच्या नव्या पोरीनं तिसऱ्या कडव्यात घाई केली. पाळकसाहेब माईकपासून लांब उभे होते. तुझं ते मशीन दर पाच मिनिटांनी मांजरासारखं गुरगुरत होतं.

ज्या रविवारची ही गोष्ट, त्या दिवशी मशीन मांजरासारखं नाही, रेड्यासारखं ओरडत होतं. आशीर्वादाच्या ऐन शब्दाला माईकनं अशी शिट्टी मारली की पुढच्या बाकावरचं तान्हं पोर दचकून रडायला लागलं. वायरमननं धावत जाऊन वायर उपटली. घामाघूम झाला. टेबल आवरलं, स्टुलावरचा फोन उचलला आणि शर्टाच्या खिशात टाकला. "ठेवतो मावशी" म्हणालो की नाही, बटण दाबलं की नाही, हे त्याला नंतर कितीही आठवून आठवेना.

बाहेर पायऱ्यांवर नेहमीप्रमाणं चहा चालला होता. त्याचा दोस्त सुतार तिथं कप घेऊन उभाच होता. तो म्हणाला, "काय रे, आज सोमवारी तुझं काही खरं नाही. ती शिट्टी मावशीच्या कानात गेली असणार."

"जाऊ दे," वायरमन म्हणाला. त्याचं डोकं तापलेलंच होतं. "शनिवारी आठवण, रविवारी हजेरी, सोमवारी तक्रार. देवानं आठवड्यात एक दिवस विश्रांतीचा दिला, तोही ह्या बाईच्या कानाला बांधलाय."

"आता किती दिवस राहिलेत रे तिचे."

"ती कसली जाते! तिला नेल्याशिवाय देव माझा रविवार काही मोकळा करायचा नाही. आणि देवही विचार करत असेल, हिला वर आणली तर इथल्यांना सूर शिकवीत बसेल." मग त्यानं मावशीचा आवाज काढला. तो बारीक, नाकातला, हुकमी आवाज. "अहो देवदूत, तिसऱ्या कडव्यात घाई नको!"

सुतार असा हसला की चहा नाकातून आला. त्याचं हसणं बघून वायरमनला चेव चढला. त्यानं आणखी दोन नकला केल्या. मावशी खुर्चीतून उचलली जातेय ती एक. आणि दुसरी, मावशी रात्री उशीखाली फोन घेऊन झोपते ती.

तेवढ्यात त्याला छातीशी ऊब लागली. त्यानं फोन काढला. पडद्यावर आकडे पळत होते. एक तास त्रेपन्न मिनिटं. त्यानं फोन कानाला लावला. पलीकडं पंख्याची घरघर होती, बाकी काही नाही. "मावशी?" तो म्हणाला. पलीकडून फोन बंद झाला.

आशीर्वाद एक तास बेचाळीस मिनिटांना झाला असणार, एवढं त्याला मशीनवरच्या घड्याळावरून माहीत होतं. म्हणजे अकरा मिनिटं. त्यानं सुताराकडं बघितलं. सुताराचं हसू अजून पुरतं उतरलं नव्हतं. "काय झालं?" तो म्हणाला. "कुणाचा फोन?"

"कुणाचा नाही," वायरमन म्हणाला.

झोप लागली असेल तिला. म्हातारं माणूस, उपासना संपली की डोळा लागतो. फोन आपोआपही बंद होतो कधीकधी. असं तो स्वतःला दिवसभर सांगत राहिला. सोमवारी तक्रारीचा फोन आला नाही. एवढी मोठी शिट्टी वाजली आणि मावशीची तक्रार नाही! मंगळवारी एका पंपाची गुंडाळी त्यानं तीनदा चुकवली. शनिवारी सात वाजले, सव्वासात झाले. फोन समोर टेबलावर गप्प पडला होता. इतके महिने ह्याच शांततेसाठी तो कुरकुरत होता. आता ती मिळाली होती आणि तो दर दोन मिनिटांनी फोन उचलून बघत होता.

रविवारी त्यानं फोन लावला. घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच. आणि पाळकसाहेब पुस्तक घेऊन उभे राहिले, मागं बघितलं, हसले.

"मावशी आल्या?"

शंभर-सव्वाशे माणसांची तोंडं त्याच्याकडं वळली. नाही म्हणावं तर का नाही, हा प्रश्न आलाच. त्याचा अंगठा आपोआप वर झाला. सगळे हसले. गीत सुरू झालं. आणि वायरमननं तो मुका फोन नेहमीसारखा स्पीकरपुढं स्टुलावर ठेवला, उगीच, कुणी बघितलंच तर असावा म्हणून. उपासनाभर त्याची नजर त्या फोनवरून हलली नाही. माणूस नसलेल्या खुर्चीला पाणी विचारावं तसं काहीतरी आपण केलंय, आणि तेही देवाच्या घरात, असं त्याला वाटत राहिलं.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच झालं. अंगठा पुन्हा वर गेला, ह्या वेळी जरा सराईतपणं, आणि त्या सराईतपणाचीच त्याला जास्त किळस आली. त्या दिवशी प्रभुभोजन होतं, भाकरी आणि द्राक्षरस वाटायचा रविवार. पाळकसाहेब दर वेळी म्हणतात तेच म्हणाले: कुणाशी वाकडं असेल, कुणाचं मन मोडलं असेल, तर आधी आत बघा, मग हात पुढं करा. वीस वर्षं ह्या शब्दांच्या वेळी वायरमन माईकचा आवाज किंचित वाढवत आला होता, कारण इथं पाळकसाहेब हळू बोलतात. आज त्यानं आवाज वाढवला आणि ते शब्द मोठे होऊन त्याच्याच अंगावर आले. भाकरीचं ताट टेबलापाशी आलं. त्यानं ते न घेता पुढं सरकवलं. पेल्यांचंही तसंच.

बायकोनं मान न वळवता बघितलं. बायकांना ते जमतं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "पोट दुखत होतं का?"

"नाही."

"मग ताट का सोडलंत? पहिल्यांदा बघतेय मी."

त्यानं सांगितलं. पायऱ्या, नकला, खिसा, अंगठा, सगळं. ती ऐकत होती आणि हातातला टॉवेल घडी करत होती, उलगडत होती, परत घडी करत होती.

"आवाजसुद्धा काढलात तिचा?"

"काढला."

"जगाच्या मशिनी दुरुस्त करता, आणि तुमच्या जिभेला साधा फ्यूज नाही." मग टॉवेल खुंटीला टाकून म्हणाली, "जेवण नंतर. आधी जाऊन या."

"काय सांगू जाऊन?"

"मला सांगितलंत तेच. ह्याच्यात काय कमीजास्त करणार आहात?"

तो हत्यारांची पिशवी घेऊन निघाला. हातात काही नसलं की त्याला चालताच यायचं नाही.

मावशी तिच्या भाचीकडं राहायची, दोन गल्ल्या सोडून, तळमजल्यावर. भाचीनं दार उघडलं आणि म्हणाली, "या काका! झालं का मशीन दुरुस्त?"

"कुठलं मशीन?"

"चर्चचं. मावशी म्हणाली तुमचं मशीन बंद पडलंय म्हणून दोन रविवार फोन नाही. पण ऐकेल तर ना! साडेनऊ वाजले की केस विंचरून, धुतलेले कपडे घालून बसतेच उशीला टेकून. एकटीच गाते."

वायरमननं दारातच चपला काढल्या. भाचीनं खुर्ची आणून पलंगाशेजारी ठेवली आणि आत गेली. मावशी उशांना टेकून बसली होती. केस घट्ट बांधलेले. चादरीवर दोन्ही हात, आणि बोटं हळूहळू हलत होती, जणू खाली पट्ट्या आहेत. फोन कुठंच दिसत नव्हता.

"पिशवी कशाला आणलीस?" ती म्हणाली. "इथं काही बिघडलेलं नाही."

"मावशी, त्या दिवशी..."

"ऐकलं. सगळं ऐकलं. माझी नक्कल तू नाकातून करतोस. मी नाकात बोलते हे मला ठाऊक नव्हतं."

तो खाली बघत राहिला. फरशीवर एक बारीक चीर होती, ती पलंगाच्या पायापाशी जाऊन संपत होती.

"चुकलो मावशी. माफ करा."

"करीन," ती म्हणाली. "पण आज नाही. आज मला राग आहे. मी काही येशू नाही, मला वेळ लागतो."

पंखा घरघरत होता. हाच तो पंखा. त्या दिवशी फोनमधून आला होता तो हाच आवाज.

"तुला ठाऊक आहे का, मी काय ऐकायला तुझा फोन घ्यायचे?" मावशी एकदम म्हणाली. "संदेश नव्हे. पाळक भला माणूस आहे, पण तो काय म्हणणार ते मला त्याच्या आधी ठाऊक असतं. मी ऐकायचे ते बाकं सरकल्याचं. किराणावाल्याचा खोकला. पानं उलटल्याचं. शंभर माणसं उठून उभी राहतात तेव्हा एक मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज होतो, तो. चाळीस वर्षं माझी पाठ त्या आवाजाकडं होती. त्या खोकल्याच्या शेजारी कुठंतरी देव बसलाय, असं वाटायचं. इथं ह्या खोलीत तो आहे म्हणतात. असेलही. पण फार गप्प असतो."

वायरमननं पिशवी खुर्चीखाली सरकवली.

"आणि तू दर रविवारी आशीर्वाद झाला की कट करायचास. पायऱ्या कधी मिळाल्याच नाहीत मला. दोन वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा पायऱ्यांवर आले रे. कपांचा आवाज, पोरांची पळापळ, कुणी म्हणत होतं सूनबाईला मुलगी झाली. मला वाटलं, ह्यानं मुद्दाम चालू ठेवला माझ्यासाठी. मी हसत होते इथं एकटी. भाचीला हाक मारणार होते, ये, ऐक म्हणून." ती थांबली. "मग तू बोललास."

त्याला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिवी पचते. हे कुठं ठेवायचं?

"अजून एक आहे मावशी," तो म्हणाला. कुठून बळ आलं कुणास ठाऊक. "दोन्ही रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं. मी अंगठा वर केला. आल्या म्हणून."

मावशीची बोटं थांबली.

"म्हणजे दोन रविवार मी चर्चमध्ये होते, आणि मलाच पत्ता नाही?"

"हो."

"अरे गाढवा!" ती ओरडली. भाची आतून डोकावली आणि परत गेली. "माझी नक्कल केलीस ती मला लागली. हे कुणाला लागलं कळतंय का तुला? शंभर माणसं हसली ना मी आले म्हणून? माझ्यासाठी प्रार्थना केली असेल कुणी, नीट ऐकू येतंय ना म्हणून गीत जोरात म्हटलं असेल. सगळं त्या मुक्या डबड्याला!" मग तिचा आवाज उतरला. "आणि मी तरी काय! फोन मुका करून उशीखाली ठेवला आणि भाचीला सांगितलं मशीन बिघडलंय. तुझी लाज राखायला म्हणून नाही, माझी. तुझ्या तोंडून ते ऐकलंय हे तिला कळू नये म्हणून. तुझ्या एका जिभेपायी बघ, किती ठिकाणी खोटं पसरलं."

"काय करू मी?"

"ते मला विचारू नकोस. अंगठा तुझा आहे."

पुढच्या रविवारी तो चर्चमध्ये सगळ्यांत आधी आला. वायरी दोनदा तपासल्या. फोन लावला नाही. पाळकसाहेब उभे राहिले, मागं बघितलं.

"मावशी आल्या?"

वायरमनचा हात मांडीवरच राहिला. तो उभा राहिला. वीस वर्षं त्यानं दुसऱ्यांचे आवाज मोठे केले होते, स्वतः कधी माईकशी बोलला नव्हता. आणि आता माईक चर्चच्या दुसऱ्या टोकाला होता, त्यामुळं त्याला ओरडूनच बोलावं लागलं.

"नाही आल्या! मागच्या दोन रविवारीही नव्हत्या. मी खोटं सांगितलं. त्यांच्याबद्दल मी पायऱ्यांवर वाईट बोललो, ते त्यांनी फोनवर ऐकलं, म्हणून त्या आल्या नाहीत."

कुणी हसलं नाही. किराणावाला खोकला. सुतार पुढच्या बाकाच्या पाठीकडं असा बघत राहिला, की जणू लाकूड कुठलं आहे ते ओळखायचंय. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "मग आता लावून बघा. आम्ही थांबतो."

सगळी मंडळी थांबली. शांततेत घंटीचा आवाज स्पीकरमधून आला, कारण घाईत त्यानं फोन माईकच्या वायरीला जोडला होता. एक. दोन. पाच. सात. नवव्या घंटीला कुणीतरी उचललं.

"कोण बोलतंय?" नाकातला, हुकमी आवाज चर्चभर घुमला.

"मी आहे मावशी."

"एवढा उशीर? दहा वाजायला आले. गीत सुरू करायला सांग."

उपासना झाली. आशीर्वाद झाला. वायरमननं फोन बंद केला नाही. तो हातात धरून, विस्तव धरावा तसा, बाहेर नेला आणि पायऱ्यांच्या कठड्यावर चहाच्या किटलीशेजारी ठेवला. "मावशी पायऱ्यांवर आहेत," तो म्हणाला. "सांभाळून बोला."

माणसं गोळा झाली. एकेक जण वाकून बोलत होता, ओरडून बोलत होता, जणू मावशी विहिरीत आहे. मुलगी झालेल्या त्या सूनबाईनं नवी पोर फोनपाशी धरली आणि पोर रडली. मग मावशी म्हणाली, "सुतार आहे का रे तिथं?"

"आहे मावशी," सुतार म्हणाला.

"तू हसला होतास."

सुताराच्या हातातला कप कलंडला.

वायरमनशी मात्र ती एक शब्द बोलली नाही. शेवटी सगळे पांगले तेव्हा त्यानं फोन उचलला. "ठेवू का मावशी?"

"मी ठेवते," ती म्हणाली आणि ठेवला.

सोमवारी तक्रार आली नाही. आठवडा तसाच गेला. बायको रोज विचारायची, "काही म्हणाल्या का?" तो मान हलवायचा. आपण मंडळीपुढं उभं राहिलो म्हणजे सुटलो असं त्याला वाटलं होतं, पण तसं काही झालं नव्हतं. तो पंखा अजून कानात होता. रस्त्यात कुणी हसलं की आपल्यालाच असं वाटायचं, आणि ते बरोबरच आहे असंही वाटायचं.

शनिवारी संध्याकाळी तो एका मोठ्या पंपाची गुंडाळी घेऊन बसला होता. गिऱ्हाईक दारात खोळंबलं होतं. एकशे एकोणसाठ, एकशे साठ. टेबलावरचा फोन वाजला. त्याचा डावा हात सवयीनं वर गेला, जगाला थांबवायला. मग त्यानं घड्याळाकडं बघितलं. सात.

त्यानं दांडा सोडला. ताणलेली तार सुर्रकन उलगडत गेली, एकशे साठ वेढे ढिले होऊन त्याच्या पायावर पडले. गिऱ्हाईक "अहो, अहो!" म्हणालं. त्यानं फोन कानाला लावला.

पलीकडं पंखा घरघरत होता. मग मावशी म्हणाली, "उद्या विसरू नको रे."

"नाही विसरत," तो म्हणाला.

"आणि अजून केलेलं नाही हं मी माफ. तसं समजू नकोस."

"नाही समजत."

"बरं. ठेव."

पण त्यानं ठेवला नाही. ती ठेवेपर्यंत तो तसाच फोन धरून बसला. मग खाली वाकला, तारेचं टोक शोधलं आणि पहिल्यापासून मोजायला लागला.